पेट्रोलियम मंत्रीसाहेब, पंपावर ऑक्टेन आणि इथेनॉलचा आकडा लिहा (परभणीहून खुलं पत्र)

मा. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

साहेब, नमस्कार.

मी परभणीचा, औषध कंपनीत एमआर आहे. सकाळी बॅग लावायची आणि जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड जो रूट असेल तो धरायचा, महिन्याला अडीच-तीन हजार किलोमीटर गाडीवर पडतात. गाडी साधी 110 सीसीची, 2018 चं मॉडेल. आमच्याकडं पेट्रोलचा दर राज्यात सगळ्यात महाग असणाऱ्या जिल्ह्यांतला, मनमाडच्या डेपोतून टँकर येतो त्याचं भाडं आमच्याच डोक्यावर. फेब्रुवारी 2021 मध्ये प्रीमियम पेट्रोलनं इथं शंभरी गाठली तेव्हा टीव्हीवर परभणीचं नाव आलं होतं, तुमच्याही कानावर गेलं असेल.

मागच्या महिन्यात सकाळी सातला गाडी रिझर्व्हला लागलेली, पंपावर गेलो तर पोरगा म्हणला साधं संपलंय दादा, प्रीमियमच हाय. पुढचा पंप बारा किलोमीटर, काय करणार, दोनशेचं टाकलं. साधं 106 रुपये होतं, हे 114. दोनशे रुपयांत जवळपास 130 मिली पेट्रोल कमी आलं, म्हणजे माझ्या गाडीचे सात किलोमीटर गेले. ठीक आहे, ते मी सोसतो. पण माझ्या मागं दुधाच्या कॅना लावलेले एक काका होते, वय साठीच्या पुढं, खिशातून चुरगळलेली शंभरची नोट काढून धरलेली. त्यांनी विचारलं, हे चांगलं असतंय का रे? पोरगा म्हणला हो काका, गाडी पळती, अ‍ॅव्हरेज वाढतंय. काकांनी मान हलवली आणि नोट दिली. पोराची चूक नाही साहेब, त्याला जे सांगितलं तेच तो सांगायला. पण काकांना खरं सांगणारं तिथं काहीच नव्हतं, ना बोर्ड ना स्टिकर, आणि मी पण गप्प बसलो त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून हे पत्र.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जातं, प्लगच्या ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच ते भलत्या जागी आपोआप पेटलं की इंजिन ठोकायला लागतं, आपण म्हणतो नॉकिंग. ऑक्टेन जास्त म्हणजे दाब सोसून वेळेआधी न पेटण्याची क्षमता जास्त, बस. टर्बो गाड्या, जास्त कॉम्प्रेशनच्या मोठ्या बाईक, त्यांना याचा खरा उपयोग आहे, ज्या कंपनीनं टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये 95 ऑक्टेन लिहिलंय त्यांनी 95 च टाकावं, तिथं पैसे वाचवू नयेत. पण 110 सीसीच्या बाईकला, गावातल्या स्कूटरला, ज्यांच्या मॅन्युअलमध्ये 91 पुरे म्हणून लिहिलंय, त्यांच्या इंजिनात तेवढा दाबच नसतो, मग जास्त ऑक्टेन करणार काय तिथं?

मी ऐकीव सांगत नाही, दोन महिने वही ठेवली. टाकी काठोकाठ फुल्ल करायची, ट्रिप मीटर शून्य, परत त्याच पंपावर त्याच नोझलला फुल्ल करायचं आणि भागाकार. एक महिना साधं, एक महिना प्रीमियम, रूट तेच, टायरची हवा दर सोमवारी चेक. साध्याला 56 आलं, प्रीमियमला 57. एक किलोमीटरचा फरक तर रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली पुढं असली तरी पडतो. आणि तो फरक खरा धरला तरी अ‍ॅव्हरेज दोन टक्क्यांच्या आत वाढलं आणि दर साडेसात टक्के जास्त मोजला. माझं महिन्याला पन्नास लिटर जातं, म्हणजे चारशे रुपये, वर्षाला 4,800. कंपनी किलोमीटरमागं ठरलेला भत्ता देते, प्रीमियम टाकलं म्हणून एक रुपया जास्त नाही. अमेरिकेत एएए म्हणून वाहनचालकांची मोठी संघटना आहे, त्यांनी 2016 मध्ये हेच तपासलं, साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांत प्रीमियम टाकून ना ताकद वाढली ना मायलेज, आणि लोकांचे वर्षाला 2 अब्ज डॉलरच्या वर फुकट जायलेत असा हिशोब त्यांनी मांडला.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी तुम्हालाच लिहायचं ठरवलं. ऑगस्ट 2025 मध्ये तुमच्याच मंत्रालयानं खुलासा काढला होता, ई20 (म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) वरून लोक तक्रारी करायलेत म्हणून. त्यात लिहिलं होतं की पूर्वी साधं पेट्रोल 88 ऑक्टेनचं होतं, बीएस6 या धुराच्या नियमासाठी 91 झालं, आणि 20 टक्के इथेनॉल मिसळल्यावर आता ते 95 झालंय. चांगली गोष्ट आहे, इथेनॉलचं ऑक्टेन मुळात जास्त असतं हे मलाही पटतं. पण मग साहेब, साधं पेट्रोलच 95 असेल तर प्रीमियमला 95 चा आकडा लावून सात-आठ रुपये जास्त घेतात ते कशाचे? इंजिन साफ ठेवणारं अ‍ॅडिटिव्ह असतं म्हणतात, असेल, तर तसं लिहा की हे पैसे अ‍ॅडिटिव्हचे आहेत, ऑक्टेनचे नाहीत, मग ज्याला पाहिजे तो घेईल. आणि साधं जर अजून 91 च असेल तर तो खुलासा कशाच्या जोरावर होता ते सांगा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? त्यात ब्रँडेड (म्हणजे हेच प्रीमियम) पेट्रोलवर केंद्राची एक्साइज साध्यापेक्षा जास्त आहे, म्हणजे त्या काकांच्या शंभरातला जास्तीचा वाटा सरकारकडं पण जातो, त्यामुळं हे कंपन्यांचं आणि गिऱ्हाइकाचं आपसातलं आहे असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

जुन्या गाड्यावाल्यांचं तर वेगळंच दुखणं. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच आहे की ई20 साठी न बनवलेल्या दुचाकीचं मायलेज 3 ते 4 टक्के आणि चारचाकीचं 6 ते 7 टक्के पडू शकतं. मग लोक घाबरून, रबर पाइप खराब होतील, कार्बोरेटर जाम होईल म्हणून बिनइथेनॉलचं समजून महागडं पेट्रोल टाकायलेत. पण कोणत्या नोझलमध्ये किती इथेनॉल आहे हे लिहिलेलंच नाही, माणूस नावाकडं बघून अंदाजानं पैसे घालतो. 95 वाल्यात इथेनॉल नसतं असं मला तीन जणांनी छातीठोक सांगितलं, त्यातला एक गॅरेजवाला, आणि तिघांकडंही पुरावा शून्य.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत आहे. तिथंही आपल्यासारखंच पंपावरचा माणूस पेट्रोल भरून देतो, स्वतः भरायची परवानगीच नाही. त्याला म्हणलं फोटो पाठव. प्रत्येक बटणावर पिवळं स्टिकर, 87, 89, 93, आणि बाजूला इथेनॉल 10 टक्क्यांपर्यंत असं लिहिलेलं. (त्यांची मोजायची रीत वेगळी, तिथलं 87 म्हणजे आपल्याकडचं साधारण 91-92.) युरोपात 2018 पासून नोझलवर गोल चिन्हात ई5, ई10 असतं. आपल्या मशीनवर दर असतो, लिटर असतं, डेन्सिटी पण असते, भेसळ तपासायला फिल्टर पेपर मागायचा हक्क आहे, पाच लिटरचं माप मागता येतं. एवढं सगळं लोकांच्या भल्यासाठी केलंत, मग हातभर स्टिकर लावायला काय अडचण आहे?

तर साहेब मागणी एवढीच, प्रत्येक नोझलवर ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती टक्के ते मोठ्या आकड्यात आणि त्या त्या राज्याच्या भाषेत लिहायला लावा. साधं संपलं असेल तर पाटी गेटवरच लागली पाहिजे, लायनीत उभं राहून नंबर आल्यावर नाही. न विचारता प्रीमियम भरलं तर पैसे परत. आणि कोणत्या गाडीला ते लागतं आणि कोणत्या गाडीला लागत नाही याचं एक पान मंत्रालयाच्या नावानं काढा, पंपाच्या ऑफिसाबाहेर हवेच्या मशीनपाशी चिकटवायला, तिथं माणूस दोन मिनिटं थांबतोच.

वहीच्या पानांचे फोटो आणि त्या दिवशीची पावती सोबत जोडतोय. उत्तर मराठीत आलं तर बरं होईल, दुधवाले काका रोज सकाळी त्याच पंपावर असतात, त्यांना वाचून दाखवीन म्हणतो.

आपला,
परभणीचा एक एमआर