कसारा घाटातल्या अनोळखी माणसांचे आभार

कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांच्या मदतनिधीसाठी आम्ही ठाण्याहून नाशिकला सायकलने गेलो. वाटेत भेटलेल्यांची नावं विचारायची राहिली, म्हणून हे जाहीर आभार.

शहापूरजवळ माझा टायर कडेने फाटला. पंक्चरवाल्या दादांकडे सायकलचा टायर नव्हता. त्यांनी जुन्या टायरचा तुकडा कापून आतून अस्तर लावलं. आमच्या बारीक व्हॉल्व्हला त्यांच्या कॉम्प्रेसरचं तोंड बसेना, तेव्हा आमच्याच हातपंपाने घामाघूम होईपर्यंत हवा भरली. नाशिकपर्यंत तो टायर टिकला!

घाटात धुकं दाटलं. एक ट्रकवाले काका इंडिकेटर लावून चढ संपेपर्यंत आमच्या मागे सावकाश येत राहिले. मागच्या गाड्यांचे हॉर्न त्यांनी आमच्यासाठी सोसले.

फ्रान्समध्ये १८९१ साली सुरू झालेल्या, सुमारे १२०० किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकल राइडमध्ये गावकरी रात्रीसुद्धा रस्त्याकडेला टेबल मांडून सायकलस्वारांना कॉफी पाजतात. आम्हाला इगतपुरीच्या अलीकडे एका मावशींनी पिठलं-भाकरी वाढली. पैसे घेतले नाहीत, उलट "पोरांना द्या" म्हणत शंभराची नोट हातात ठेवली. मावशी, ती नोट निधीत जमा केली आहे.