गाठ कापून बघ

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. सोयाबीनच्या बियाण्याला चोळलेलं जिवाणू खत म्हणजे पाकिटात भरलेली काळी भुकटी, पैसे पाण्यात गेले, पुन्हा त्या वाटेला जाणार नाही, असं तू लिहिलंयस. राग समजतो. पण सोयाबीन अजून शेतात उभं आहे, नुकतं फुलावर येतंय, म्हणून घाईनं लिहितोय. निकाल देण्याआधी एक रोप खणून बघ.

उपटू नकोस. उपटलं की मुळांवरच्या गाठी, ज्यांत हे जिवाणू राहतात, त्या तुटून मातीतच राहतात आणि मूळ उघडंबोडकं दिसतं. खोऱ्यानं ढेकळासकट काढ, बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेव, माती आपोआप सुटेल. मग मूळ हातात घे. सोटमुळाच्या वरच्या भागात, खोडाजवळ गाठींचा झुपका असेल, तर बियाण्याला लावलेले जिवाणू बहुधा कामाला लागलेत. दूरच्या उपमुळांवर तुरळक विखुरलेल्या गाठी असतील, तर त्या जमिनीत आधीपासून असलेल्या जिवाणूंच्या असू शकतात. आणि सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळात शिरणाऱ्या बारीक कृमींच्या गाठींशी गल्लत करू नकोस. त्यात मूळच सुजलेलं असतं, गाठ वेगळी काढता येत नाही. जिवाणूची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, नखानं अलगद सुटते.

आता त्यातली मोठी गाठ ब्लेडनं मधोमध काप. आत गुलाबी किंवा लालसर दिसलं, तर पिकाच्या उपयोगाचं नत्र (नायट्रोजन) तयार होतंय. पांढरी असेल तर अजून कोवळी आहे किंवा निकामी. हिरवी-तपकिरी म्हणजे काम संपलेलं.

त्या गुलाबी रंगाचं मला अजून नवल वाटतं. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन आहे ना, त्याच्याच कुळातलं लेगहिमोग्लोबिन गाठीत असतं. हवेत 78 टक्के नत्र आहे, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधानं एकमेकांना असे धरून बसलेले असतात की पिकाला त्याचा काही उपयोग नाही. खताच्या कारखान्यात तो बंध तोडायला 400 ते 500 अंश सेल्सिअस उष्णता आणि हवेच्या दाबाच्या शंभर-दोनशे पट दाब लागतो. जिवाणू तेच काम मातीच्या साध्या तापमानाला करतो, नायट्रोजिनेज नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) जोरावर. अडचण अशी की प्राणवायूशी संपर्क आला की हा विकर बिघडतो, आणि जिवाणूला श्वासाला तर प्राणवायू हवाच. मग झाड लेगहिमोग्लोबिन बनवतं. ते प्राणवायू धरून ठेवतं आणि जिवाणूला मोजून मोजून पुरवतं. विकरही वाचतो, जिवाणूही जगतो. झाड त्याला आपली साखर खायला घालतं, तो झाडाला नत्र देतो. सोयाबीनची नत्राची साधारण निम्मी गरज, कधी त्याहून जास्त, अशी भागते.

कडधान्यानं जमीन सुधारते हे शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. पण त्यामागे गाठींतले जीव आहेत हे जर्मनीत हेलरीगेल यांनी 1886 मध्ये मांडलं, आणि 1888 मध्ये डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी ते जिवाणू वेगळे काढून वाढवले. लगेच 1896 च्या सुमारास त्यांचं संवर्धक, म्हणजे बियाण्याला लावायचे वाढवलेले जिवाणू, बाजारातही आलं. पण मला सगळ्यात जवळच्या वाटतात त्या योहाना डोबेराइनर. या शास्त्रज्ञ जन्मल्या चेकोस्लोव्हाकियात, पुढे जर्मनीतून ब्राझीलला गेल्या आणि सोयाबीनला नत्रखत न देता जिवाणूंच्या भरवशावर वाढवायचा आग्रह त्यांनी धरला. तिथलं सोयाबीन आजही मुख्यतः असंच पिकतं. तेव्हा पाकिटातली भुकटी म्हणजे नुसती माती, हे मला मान्य नाही.

मात्र ते पाकीट युरियाच्या पोत्यासारखं वापरून चालत नाही. त्यात जीव आहे. मी पहिल्या वर्षी हेच विसरलो होतो. पाकीट दोन दिवस गाडीत उन्हात पडून होतं. पेरणीच्या घाईत मी बियाण्याला आधी जिवाणू चोळले आणि वरून बुरशीनाशक लावलं. महिन्यानं पान पिवळं पडलं. दहा-बारा रोपं खणली, एकाही मुळावर गाठ नव्हती. त्या दिवशी बांधावर बराच वेळ बसून राहिलो होतो. जीव मारून मीच त्यांच्याकडून कामाची अपेक्षा करत होतो.

तू नक्की काय केलंस ते पत्रात नाही, म्हणून विचारतो. पाकीट सोयाबीनचंच होतं ना? सोयाबीनचा जिवाणू हरभऱ्याला चालत नाही आणि हरभऱ्याचा सोयाबीनला नाही. झाडाचं मूळ मातीत काही द्रव्यं सोडतं आणि आपल्या जिवाणूला साद घालतं, जिवाणू त्याला उत्तर देतो, मग केसमूळ वळतं आणि त्याला आत घेतं. खूण जुळली नाही तर दार उघडत नाही. वापरायची मुदत बघितली होतीस का? बुरशीनाशक लावायचंच असेल तर आधी ते लावून बियाणं वाळू द्यावं, जिवाणू सगळ्यात शेवटी. साखरेच्या पातळ, थंड द्रावणात भुकटी कालवून बियाण्यावर हलक्या हातानं चोळायची, म्हणजे साल निघणार नाही. सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी वाफशावर, म्हणजे जमिनीत बेताची ओल असताना पेरायचं. आणि पेरताना नत्रखत भरपूर दिलं असशील, तर गाठी कमी असणारच. आयतं मिळत असताना झाड जिवाणूला कशाला पोसेल?

तुझा दुसरा प्रश्न, ज्वारी-गव्हाला जिवाणू खताचा उपयोग होतो का. तिथे अशा गाठी होत नाहीत. अझोटोबॅक्टर, अझोस्पिरिलम हे जिवाणू मुळांभोवती राहून थोडं नत्र देतात, मुळांची वाढ करणारी संप्रेरकंही सोडतात. गाठींइतक्या नत्राची अपेक्षा तिथे ठेवू नकोस. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) मात्र लक्षात घेण्यासारखं आहे. आपण घातलेल्या स्फुरदाचा मोठा भाग मातीत चुन्याशी नाहीतर लोहाशी बांधला जातो आणि पडून राहतो. काही जिवाणू आम्लं सोडून तो मोकळा करतात. प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. स्फुरदाच्या पांढुरक्या माध्यमावर जिवाणूंचा ठिपका वाढतो आणि त्याभोवती पारदर्शक वलय पडतं. एकदा मी ते बशीत बघितलं, तेव्हापासून जमिनीतल्या साठ्याकडे मी वेगळ्या नजरेनं बघतो. जस्ताचंही असंच. काही प्रयोगांत दाण्यातलं जस्त वाढलेलं आढळलंय, पण प्रत्येक जमिनीत तसं होईलच असं मी म्हणणार नाही. बशीत जे जमतं ते शेतात जमायला जिवाणूला खायला सेंद्रिय कर्ब, म्हणजे शेणखत-पालापाचोळ्यातून येणारा कार्बन लागतो, ओल लागते, आणि आधीपासून तिथे राहणाऱ्या कोट्यवधी जिवाणूंपुढे टिकावं लागतं. कर्ब नसलेल्या जमिनीत पाकिटं ओतण्यापेक्षा आधी शेणखत आणि पालापाचोळा मातीत जाऊ दे.

उद्या सकाळी, उन्हाआधी, वावराच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून एकेक रोप खण. प्रत्येकावर गाठी किती आणि कुठे, ते लिहून ठेव. कापल्यावर आतला रंग कोणता निघाला ते लगेच कळव, फोन केलास तरी चालेल.

तुझा,
विनायक