रेघ आधी, रंग मागून

प्रिय नंदू,

परवा फोनवर तू विचारलंस, 'दुसऱ्याचं चित्र उतरवून तुला काय मिळतं?' तेव्हा मला धड सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

गेले सात आठवडे मी एकाच खोलीत बसलोय असं समज. ती खोली जर्मनीतल्या मुर्नाऊ गावातली, चित्र १९१२ सालचं. जर्मन चित्रकर्ती गाब्रिएले म्युंटरचं 'कांडिन्स्की आणि एर्मा बोसी टेबलापाशी'. मूळ चित्र म्युनिकच्या लेनबाखहाउस या संग्रहालयात आहे, मी छापील फोटोवरून करतोय. म्हणून रंग तंतोतंत जुळवायचा नाद सोडला आणि आकार कसे बसवलेत, त्याच्या मागे लागलो. कांडिन्स्की, म्हणजे तिचा तेव्हाचा जोडीदार आणि स्वतःही चित्रकार, हात उचलून काहीतरी पटवून देतोय, त्यांची चित्रकार मैत्रीण एर्मा टेबलावर रेलून ऐकतेय. चेहरे म्हणजे नुसते सपाट डाग, आणि तरी कोण बोलतंय नि कोण ऐकतंय हे लांबूनही कळतं. हे म्युंटरने कसं साधलं, त्याने मला झपाटलंय.

आधी मी सगळे रंग भरले आणि मग त्यांच्या कडेने जाड काळी रेघ ओढायला घेतली. टेबलाचा पांढरा ओलाच होता. ब्रश पुढे सरकला तशी रेघ पांढऱ्याला ओढत गेली आणि टेबलाची कड ओल्या सिमेंटसारखी झाली. नाइफने खरवडलं, पुन्हा केलं, पुन्हा तेच. हा पांढरा, टिटॅनियम व्हाइट, वाळायला किती दिवस घेतो, त्यात हा पावसाळा!

मग म्युंटरबद्दल वाचत बसलो. त्या काळी म्युनिकच्या कला अकादमीत बायकांना प्रवेशच नव्हता, ती खासगी वर्गांमधून शिकली. आणि मुर्नाऊला आल्यावर तिथल्या एका कारागिराकडून काचेच्या मागून रंगवायची कला शिकली, तीही जुनी लोकचित्रं उतरवूनच! काचेवर सगळं उलट्या क्रमाने होतं. बघणारा पलीकडून बघणार, म्हणून रेघ आधी आणि रंग तिच्या पाठीवर.

हे वाचलं आणि मला तुमच्या वाड्यातली देवघरातली, काचेवर रंगवलेली लक्ष्मी आठवली. पुसायला म्हणून आपण ती चौकटीतून काढली आणि उलटी केली होती, आठवतं? मागे ना डोळे, ना नाक, नुसते लाल-हिरवे थापलेले रंग. आजी केवढी ओरडली होती.

कॅनव्हास स्वच्छ खरवडून घेतला. या वेळी रेघच आधी काढली, बर्न्ट अंबर या गडद तपकिरीत अल्ट्रामरिन निळा, भरपूर टर्पेंटाइन घालून पातळ. अंबर लवकर वाळतो, तीन दिवसांत हाताला लागेना. मग लिन्सीड तेलातले जाड रंग दोन्ही बाजूंनी रेघेपर्यंत आणत गेलो. आणि नंदू, टेबलाचा पांढरा रेघेवर जरासा चढला, पलीकडून बाकाचा रंग तिथपर्यंत आला, आणि मधली रेघ कुठे बोटभर, कुठे केसाएवढी उरली. रेघ मी बारीक केली नव्हती, शेजारच्या रंगांनी केली. ती खोली पहिल्यांदा उभी राहिली! म्युंटरने अगदी याच क्रमाने रंगवलं होतं असं मी म्हणत नाही, पण माझ्या हाताला काहीतरी उमगलं. टेबलाचा पांढराही नुसता पांढरा ठेवला की मरतो. त्यात चिमूटभर निळा आणि यलो ऑकर घालावाच लागला.

नाझींच्या काळात कांडिन्स्की आणि त्याच्या चित्रकार मित्रमंडळींची चित्रं बाळगणं धोक्याचं होतं. म्युंटरने ती मुर्नाऊच्या आपल्या घराच्या तळघरात जपून ठेवली आणि १९५७ मध्ये, वयाच्या ८०व्या वर्षी, लेनबाखहाउसला देऊन टाकली. कांडिन्स्की तिला सोडून गेल्याला तेव्हा ४०हून जास्त वर्षं झाली होती. त्याचा हात रंगवताना हे मनातून जात नाही.

एर्माचे हात अजून राहिलेत. तू एक काम कर. ती लक्ष्मी अजून वाड्यात असेल तर चौकटीतून हलकेच काढ आणि मागच्या बाजूचा फोटो पाठव. पुढचा नको.

तुझा,
विनू