शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या पायाविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. अंगठ्याच्या बुडाशी वाढलेल्या हाडाची शस्त्रक्रिया करून घ्यायचे तू अखेर नक्की केलेस, हे वाचून बरे वाटले. माझी तीच शस्त्रक्रिया झाली आणि पुढे जखमेत जंतुसंसर्ग झाला, एवढे तुला फोनवर कळले होते. पण नेमके काय झाले आणि ते कसे ओळखू आले, हे सविस्तर लिही, असा तुझा आग्रह आहे. तुला घाबरवावे असा माझा हेतू नाही. या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांच्या जखमा विनातक्रार भरतात. थोड्यांच्या चिघळतात आणि त्या थोड्यांत मी निघालो, इतकेच.

सुरुवातीचे दिवस ठरल्याप्रमाणे गेले. हाड कापून सरळ केले होते, ते धरून ठेवायला आत स्क्रू बसवले होते आणि चवड्यावर भार येऊ नये म्हणून टाचेवर चालायचा बूट दिला होता. सूज होती, बोटे जांभळट दिसत होती, पाय खाली सोडला की सगळे रक्त तिथे उतरल्यासारखे वाटायचे. पण दर सकाळी आदल्या दिवसापेक्षा किंचित बरे असायचे आणि वेदनाशामक गोळ्या एकेक करून सुटत गेल्या होत्या. मग टाके काढायची वेळ जवळ आली असताना दुखणे उलटले. रात्री अंगठ्याच्या बाजूला ठणका सुरू झाला, जखमेच्या बोटाकडच्या टोकाशी कातडी ताणून चकचकीत झाली आणि सकाळी ड्रेसिंगच्या कापडावर नाण्याएवढा पिवळसर ओला डाग दिसला. ताप नव्हता. हे मुद्दाम लिहितो, कारण ताप नाही म्हणजे संसर्ग नाही, असे घरातल्या सगळ्यांनी मला समजावले होते. वरवरच्या संसर्गात ताप येतोच असे नाही, आणि पॅरासिटामॉलसारखी गोळी चालू असेल तर आलेला तापही झाकला जातो.

तुला सांगण्यासारखी माझ्यापाशी मुख्य गोष्ट हीच आहे. पायाच्या शस्त्रक्रियेनंतर सूज, लाली, ऊब आणि दुखणे हे सगळे निरोगी जखमेतही असते. सूज तर कित्येक महिने रेंगाळते. त्यामुळे एखाद्या दिवशी पायाकडे पाहून हे बरे की वाईट, हे सांगणे आपल्यासारख्याला जमत नाही. दुखणे कोणत्या बाजूला चालले आहे, हे मात्र आपल्याइतके कोणालाच कळत नाही, कारण कालचा पाय आपणच पाहिलेला असतो. कमी होत आलेली वेदना पुन्हा वाढली, कोरडी झालेली जखम पुन्हा ओली झाली, आटत आलेली लाली पसरू लागली, तर थांबू नये. म्हणून पहिल्या ड्रेसिंगपासून रोज त्याच जागी, त्याच उजेडात, त्याच अंतरावरून पायाचे एक छायाचित्र काढून ठेव. माझ्या पत्नीने सुरुवातीपासून ती काढली होती आणि डॉक्टरांनी माझ्या सगळ्या वर्णनापेक्षा त्या चित्रांकडे जास्त वेळ पाहिले.

फोन केला तेव्हा पलीकडून सांगितले गेले की सूज राहतेच, पुढच्या तपासणीला दाखवा. मी आवाज न चढवता एवढेच म्हणालो की सूज जुनी आहे, पण स्राव आणि ठणका नवा आहे, आणि हे शब्द जसेच्या तसे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. लगेच बोलावणे आले. तुझ्यावर तशी वेळ आली तर 'पाय दुखतो' असे मोघम सांगू नकोस. नवीन काय आहे आणि ते केव्हापासून आहे, एवढे नेमके सांग.

तिथे त्यांनी जी पहिली तपासणी केली ती इतकी साधी होती की मला गंमत वाटली. मला उताणे झोपवून पाय वर उचलून धरला आणि काही मिनिटे तसाच ठेवला. पाय खाली लोंबकळल्याने आलेली लाली वर धरल्यावर उतरते. संसर्गाची लाली तशीच राहते. माझ्या घोट्याजवळचा तांबूसपणा बघता बघता फिकट झाला, जखमेभोवतीचा पट्टा मात्र तसाच लालबुंद आणि गरम राहिला. मग परिचारिकेने न पुसणाऱ्या शाईच्या पेनने लालीच्या कडेकडेने रेघ ओढली आणि शेजारी तारीख व वेळ लिहिली. रेघेच्या आत लाली आक्रसली तर औषध लागू पडते आहे, रेघ ओलांडून बाहेर गेली तर पडत नाही. यात घरच्यांच्या मतांना वावच उरत नाही. पोटरीही दाबून पाहिली, कारण पायाच्या शस्त्रक्रियेनंतर शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते आणि तिच्यातही पाय सुजतो. मात्र ते दुखणे बहुधा पोटरीत असते आणि त्याचे उपचार अगदी वेगळे आहेत.

त्या टोकाचे टाके काढल्यावर थोडा पू आला. जखम सलाईनने धुतली आणि अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी आतल्या भागातला नमुना कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखण्यासाठी, घेतला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी औषध पोटात गेले तर नमुन्यात जंतू वाढतीलच असे नाही आणि मग नेमके कोणते औषध द्यावे हे अंदाजावर राहते. वरवर बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्यात कातडीवरचे निरुपद्रवी जंतूही येतात, म्हणून आतला नमुना अधिक भरवशाचा. कल्चरचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर नेहमी सापडणाऱ्या जंतूंवर चालेल असे औषध देतात. माझ्या नमुन्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू निघाला, म्हणजे या कामातला अगदी ओळखीचा गुन्हेगार. सुमारे तीस टक्के निरोगी माणसांच्या नाकात तो बिनबोभाट राहत असतो.

रक्तात सीआरपी, म्हणजे शरीरात दाह झाला की वाढणारे एक प्रथिन, पाहिले. या आकड्याची एक खुबी तुला सांगतो. कोणत्याही शस्त्रक्रियेनंतर तो चढतोच, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर जातो आणि मग उतरत जाऊन साधारण दोन-तीन आठवड्यांत पूर्वपदावर येतो. त्यामुळे एकटा आकडा फारसे काही सांगत नाही. उतरलेला आकडा पुन्हा चढला, तर शंका घ्यायची. एक्स-रेही काढला आणि तो स्वच्छ आला, पण डॉक्टरांनी लगेच बजावले की हाडाला संसर्ग झाला तरी एक्स-रेवर तो दिसायला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात, तेव्हा पुन्हा काढावा लागेल. त्या फेरएक्स-रेची वाट पाहणे हा साऱ्या प्रकरणातला सर्वांत जड भाग होता. वरवरचा संसर्ग आठवड्या-दीड आठवड्याच्या औषधाने आवरतो; हाडात शिरला तर साधारण सहा आठवडे औषध चालते आणि कधी पुन्हा शस्त्रक्रिया करून खराब भाग काढावा लागतो. आत धातू असला की आणखी एक पेच असतो. जंतू स्क्रूला चिकटून स्वतःभोवती एक चिकट थर तयार करतात आणि त्या थरात औषध नीट पोहोचत नाही. तरीही स्क्रू लगेच काढत नाहीत, कारण हलणाऱ्या हाडात संसर्ग अधिक बळावतो. स्क्रू घट्ट असतील तर हाड जुळेपर्यंत जंतूंना औषधाने दाबून ठेवतात आणि गरज पडली तर नंतर काढतात. सुदैवाने माझ्या बाबतीत ती वेळ आली नाही.

पहिल्या गोळ्यांनी मात्र काम भागले नाही. लाली रेघेच्या पुढे गेली तेव्हा मला दाखल करून घेतले, शिरेतून औषध दिले आणि निकाल हाती आल्यावर औषध बदलले. रुग्णालयातल्या त्या मुक्कामाबद्दल विशेष लिहिण्यासारखे काही नाही. ठणका थांबला आणि लाली पेनच्या रेघेपासून आत सरकू लागली.

पडून असताना वाचायला भरपूर वेळ मिळाला. १८६५ साली ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर या शल्यविशारदांनी गाडीचे चाक पायावरून गेलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्ल या जंतुनाशकात भिजवलेले कापड बांधले. हाड मोडून कातडीबाहेर उघडे पडलेले. त्या काळी अशा जखमेत पू होणे जवळजवळ गृहीत धरलेले असे आणि पुष्कळदा पाय कापावा लागे. तो मुलगा दोन पायांवर चालत घरी गेला. मी हे वाचत होतो तेव्हा शिरेतून थेंब थेंब औषध चालू होते आणि आपली तक्रार फार मोठ्याने करू नये असे मला वाटले, अर्थात तासाभराने ती केलीच.

घरी आल्यावर उघडी ठेवलेली जखम तळापासून भरू द्यायची होती. वरून कातडी आधी मिटली तर आत पोकळी राहते आणि तिथे पुन्हा पू साचतो, म्हणून तिच्यात सलाईनने ओलसर केलेली पट्टी सैलसर भरत असत. हे काम आपण करावयाचे नाही, असे मला वाटत होते. पण नर्सने शिकवल्यावर पत्नीने ते माझ्यापेक्षा शांतपणे केले. तळाशी बारीक दाणेदार लाल मांस दिसू लागले की जखम सुधारते आहे असे समजायचे. आणि पाय वर ठेवणे! अँटिबायोटिकची वेळ आपण घड्याळ लावून पाळतो आणि पाय उशीवर टेकवला की झाले असे मानतो. पाय छातीच्या पातळीपेक्षा वर हवा. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर ठेवलेला पाय त्यात मोजत नाहीत. सुजलेल्या भागात रक्त नीट खेळत नाही आणि जिथे रक्त पोहोचत नाही तिथे औषधही पोहोचत नाही. पावलाच्या वरच्या बाजूला कातडी पातळ, खाली मांस कमी आणि हृदयापासून अंतर सर्वांत जास्त, त्यामुळे पायाची जखम मुळातच सावकाश भरते.

आता तुझ्यापुरते दोन शब्द. तुझी साखर काठावर असते, तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, करून घे आणि जास्त निघाली तर तारीख पुढे ढकलायला कां कू करू नकोस. साखरेमुळे पायाची संवेदना मंदावली असेल तर संसर्ग होऊनही दुखत नाही, म्हणून तुझ्या बाबतीत डोळ्यांवर अधिक भिस्त ठेवावी लागेल. सिगारेट आधीच काही आठवडे बंद कर. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेची उपासमार होते. बोटांच्या बेचक्यांतली चीर किंवा नखाची बुरशी असेल तर ती आधी दाखव. पायावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नकोस, कारण त्याने झालेल्या सूक्ष्म ओरखड्यांतूनच जंतूंना वाट मिळते. काढायचेच असतील तर रुग्णालयात मशीनने काढतात. हुडहुडी भरून ताप, पायावरून वर सरकणारी लाल रेघ, धाप किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर मात्र फोनबिन न करता सरळ तातडीच्या विभागात जावे. हे वहिनींनाही वाचून दाखव.

फेरएक्स-रे स्वच्छ आला हे तुला माहीतच आहे. जखम मिटली, तिथला वण जाड आणि गुलाबी आहे, अंगठा वर उचलायला अजून कुरकुरतो आणि व्यायाम चालू आहेत. आत धातू असल्याने तीन महिन्यांपर्यंतचा संसर्ग शस्त्रक्रियेशी जोडलेला धरतात, त्यामुळे ती मुदत संपेपर्यंत मी रोज संध्याकाळी पाय न्याहाळत असे आणि खरे सांगायचे तर अजूनही न्याहाळतो.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की लगेच कळव. सुरुवातीच्या आठवड्यात मी तुझ्याकडे येऊन राहू शकेन. ड्रेसिंग कसे दिसले पाहिजे हे मला आता पाठ आहे आणि वहिनींनाही तेवढीच झोप मिळेल. त्यांना माझा नमस्कार सांग. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुझा,
जुना मित्र