आधी लाल खिडकीतून बघ

सांगली, विश्रामबाग
रविवार, रात्री

प्रिय गड्या,

परवा फोनवर बोलता बोलता म्हणालास, "माळा आवरताना आजोबांचा भात्याचा, म्हणजे पुढे घडीचा पडदा उघडणारा, कोडॅक कॅमेरा सापडलाय, भंगारवाल्याला देणार आहे." तेव्हापासून चैन नाही. देऊ नकोस. निदान हे पत्र वाचेपर्यंत तरी.

आमच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या मंडळाबद्दल तू नेहमी विचारतोस आणि मी नेहमी दोन वाक्यांत उरकतो. आज नीट सांगतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा बाजारपेठेतल्या एका जुन्या स्टुडिओत छातीइतकं पाणी होतं. ओसरल्यावर मालक निगेटिव्हचे आणि फोटोंचे खोके रस्त्यावर काढून ठेवत होते, कचऱ्याच्या गाडीसाठी. आम्ही तिघं चिखल काढायला गेलो होतो, ते खोके घेऊन घरी आलो. फोटोवरचा जिलेटिनचा थर पाण्याने फुगतो आणि वाळताना शेजारच्या फोटोला घट्ट धरून बसतो. मग ओढून सोडवायला गेलं की चेहराच निघून येतो. म्हणून वाळूच द्यायचे नाहीत. गार स्वच्छ पाण्याच्या घमेल्यात ठेवायचे, एकेक अलगद सुटा करायचा आणि दोरीवर चिमट्याने टांगायचा. दोन दिवस आमच्या गच्चीवर कपड्यांच्या जागी सांगलीची लग्नं, बारशी आणि शाळांचे ग्रुप फोटो वाळत होते.

काचेच्या निगेटिव्ह भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या होत्या. त्यातली एक उजेडात धरली तर फेटा बांधून, खांद्यावर गदा घेऊन उभा असलेला पैलवान. एका कोपऱ्यातला थर साय सुटावी तसा सुटला होता, पण चेहरा शाबूत. काच तिरकी केली तेव्हा गालावर शिसपेन्सिलीचे बारीक बारीक ठिपके दिसले. रिटच करणाऱ्याने, म्हणजे निगेटिव्हवर हाताने डाग झाकणाऱ्याने, वण झाकले होते. त्या माणसाचा हात मला त्या ठिपक्यांत दिसला रे. मंडळ त्या दिवशी सुरू झालं असं मी मानतो.

आता आम्ही चौदा जण आहोत. महिन्यातून एकदा आमच्या हॉलमध्ये जमतो. प्रत्येकाने आपली वस्तू आणायची आणि ती कुणाची, कुठून आली, हे वहीत लिहायचं. ही वही मला कॅमेऱ्यांपेक्षा मोलाची वाटते. आगफा क्लिक थ्री आमच्याकडे सहा आहेत, एकासारखा एक. पण त्यातल्या एकावर एका शिक्षकाने पंचवीस वर्षं शाळेच्या सहली टिपल्या, हे वहीत आहे म्हणून तो वेगळा. किमतीच्या गप्पा मी मंडळात होऊ देत नाही. त्यावरून दोघं सोडून गेले. वाईट वाटलं, पण मत बदललं नाही.

दुसरा नियम, कॅमेरा चालला पाहिजे. मिरजेचे एक घड्याळदुरुस्तीवाले काका येतात. जुन्या शटरमधलं, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या झडपेतलं, तेल घट्ट होतं आणि एक सेकंदाचा खटका तीन-तीन सेकंद रेंगाळतो. काका कॅमेरा कानाशी धरतात, चाकांची खर्रर्र ऐकतात आणि कुठलं चाक अडलंय ते सांगतात. साफ करतात, पण नवं तेल सहसा घालत नाहीत. "तेलानेच तर आजारी पडलाय," म्हणतात. बुरशीपुढे मात्र त्यांचाही इलाज चालत नाही. ती भिंगाच्या काचेलाच खाते. म्हणून चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा ठेवू नकोस, चामडं पावसाळाभर ओल धरतं. डबा हवाबंद हवा आणि आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या.

आता एक गोष्ट, जी मी मंडळाबाहेर कुणाला सांगितलेली नाही. मागच्या वर्षी एक आजी त्यांच्या यजमानांचा कॅमेरा घेऊन आल्या. सगळे भोवती जमले होते, मी उत्साहाने ट्यूबलाइटखाली त्याची पाठ उघडली. आत अर्धा वापरलेला रोल होता. तसाच बंद करून रात्री अंधारात रसायनांत धुतला. गुंडाळीच्या आतले पहिले दोन फोटो वाचले होते. एकात तुळशीवृंदावन, दुसऱ्यात अंगणात रांगणारं मूल. पुढची फिल्म उजेड लागून काळीकुट्ट. आजी फोटो हातात घेऊन बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "याच्या पुढच्यात मी होते." माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आजही नाही.

तुझा कोडॅक बहुतेक ६२० या जुन्या मापाच्या रोलचा असेल. ते रोल १९९५मध्ये बंद झाले, पण काळजी नको. आजही मिळणाऱ्या १२० मापाच्या रोलची फिल्म तीच असते, फक्त रीळ जाड. अंधारात जुन्या रिळावर गुंडाळून घेता येते, मी करून देईन. भात्याला भोकं आहेत का तेही इथेच बघू, अंधाऱ्या खोलीत आत छोटा टॉर्च सोडला की कळतं. मृगाच्या आधी ये. वहिनींना आण, आणि माळ्यावर निगेटिव्हचा एखादा बिस्किटाचा डबा असेल तर तोही.

तोवर एवढंच कर. कॅमेऱ्याच्या पाठीवर लाल काचेची बारकी खिडकी असते. मंद उजेडात तिच्यातून बघ. आत आकडा किंवा कागद दिसला, तर आत आजोबांचा रोल आहे. पाठ उघडू नकोस, चावी फिरवू नकोस, खिडकीवर काळी चिकटपट्टी लाव आणि काळ्या कापडात गुंडाळून तसाच घेऊन ये.

तुझा,
जुना बाकसोबती