फोनची घंटी वाजली की इंटरनेट का तुटते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या शहरांत ऑप्टिकल फायबर घरोघर पोहोचत असली, तरी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरूनच इंटरनेट घेणारी कुटुंबे आजही आहेत. फोनची घंटी वाजली किंवा रिसीव्हर उचलला की इंटरनेट तुटते, ही त्यांची जुनी तक्रार. लाइनमन येऊन खांबापासूनची तार तपासतो, तक्रार बंद होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सुरू होते. कारण दोष पुष्कळदा घरातल्याच जोडणीत असतो आणि तिकडे कोणी पाहतच नाही.

एकाच तारेवरून आवाज साधारण ३,४०० हर्ट्‌झपर्यंतच्या वारंवारतेवर जातो, तर एडीएसएलचा (याच तारेवरून इंटरनेट देणाऱ्या तंत्राचा) डेटा सुमारे २५ किलोहर्ट्‌झच्या वर. या दोहोंना वेगळे ठेवण्यासाठी स्प्लिटरची छोटी डबी असते. ती नसेल, तर घंटीचा विद्युतदाब आणि रिसीव्हर उचलताच लाइनवर होणारा बदल थेट मोडेमला जाणवतो, त्यावरचा ‘डीएसएल’चा दिवा लुकलुकू लागतो आणि फोनमध्येही खरखर ऐकू येते.

मात्र खरी अडचण पॅरलल फोनची, म्हणजे त्याच लाइनवर जोडलेल्या जादा फोनची आहे. दिवाणखान्यात स्प्लिटर व्यवस्थित बसवलेला असतो, पण आतल्या खोलीतल्या फोनची जुनी तार त्याच्याही आधी, रोझेटमधूनच (भिंतीवरच्या टेलिफोन जोडणीच्या डबीतूनच) काढलेली असते. असा एक फोन, फॅक्स यंत्र किंवा कॉलर आयडीची डबी विनाफिल्टर राहिली, तरी स्प्लिटरचा उपयोग उरत नाही. अशा प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र मायक्रोफिल्टर (डेटाची वारंवारता अडवणारी छोटी डबी) हवा, नाहीतर फाटा फुटण्याआधीच स्प्लिटर बसवायला हवा. (२.४ गिगाहर्ट्‌झचा कॉर्डलेस फोन वाय-फायमध्येही व्यत्यय आणतो. त्याचा तळ राउटरपासून दूर ठेवावा.)

दोष कुठे आहे हे ओळखणे अवघड नाही. घरातले सगळे फोन काढून, आतल्या तारा सोडवून, फक्त मोडेम पहिल्या रोझेटला जोडावा. इंटरनेट टिकले, तर दोष आतला. तरीही तुटत राहिले, तर बहुधा बाहेरच्या तारेचा, विशेषतः पावसाळ्यात ओल धरलेल्या सांध्याचा.

जोडणी देताना एक स्प्लिटर हातात ठेवून मोकळे होणे ही ग्राहकाची फसगत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातील सर्व फोन मोजून तितके फिल्टर देणे कंपन्यांवर बंधनकारक करावे, आणि वरील चाचणी करून तिचा निष्कर्ष ग्राहकाला लेखी दिल्याशिवाय कोणतीही तक्रार बंद करू नये.

आपला,
एक ग्राहक, कराड