उकडलेल्या भाज्यांना कंटाळलेल्या मित्रास पत्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मांस सोडून काही महिने झाले, निश्चय अजून शाबूत आहे, पण जीभ बंड करून उठली आहे आणि ताटातल्या उकडलेल्या भाज्या बघितल्या की भूकच मरते, असं लिहिलं आहेस. वर "हे जगात कोणाला जमलंय तरी का?" असा चिडका प्रश्न. जमलंय की. पण पुष्कळांचं फिसकटलंही आहे. कोणाचं टिकलं आणि कोणाचं नाही हे बघितलं की तुझ्या ताटाचं काय करायचं तेही कळतं, म्हणून आज जरा पाल्हाळ लावतो.

तिसऱ्या शतकात रोममध्ये फर्मस कास्ट्रिसियस नावाचा गृहस्थ होता. प्लोटायनस या तत्त्वज्ञाच्या मंडळातला. त्याने मांस सोडलं होतं आणि नंतर गुपचूप पुन्हा सुरू केलं. ही खबर त्याच मंडळातल्या पॉर्फिरी या त्याच्या मित्राला लागली. पॉर्फिरीने काय करावं? चार भागांचा ग्रंथ लिहून त्याच्यापुढे ठेवला! प्राण्यांना बुद्धी असते, यज्ञात त्यांचा बळी देणं देवांना आवडत नाही, इजिप्तचे पुरोहित काय खातात, भारतातले ब्राह्मण आणि श्रमण काय खातात, सगळं त्यात आहे. युक्तिवाद इतका भक्कम की पुढची अनेक शतकं मांस न खाणारी माणसं त्याचा आधार घेत आली. पण बिचाऱ्या फर्मसने संध्याकाळी चुलीवर काय चढवावं, याची पॉर्फिरीला फिकीर नव्हती. अन्न साधं असावं, सहज मिळावं, जिभेचे चोचले नकोत, एवढंच त्याचं सांगणं. गंमत म्हणजे हाच पॉर्फिरी पायथागोरसच्या चरित्रात एक पाककृती देतो. खसखस, तीळ, जव, हरभरे, मध वगैरे घालून केलेली. ती कशासाठी? तर भूक लागू नये म्हणून!

सेनेका या रोमन तत्त्वज्ञाचं त्याहून मजेदार. तरुणपणी सोटिऑन नावाच्या गुरूचं ऐकून त्याने वर्षभर मांस सोडलं होतं. पुढे म्हातारपणी लुसिलियस या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की ते सोपं गेलं, उलट बुद्धी तरतरीत झाल्यासारखी वाटली. मग सोडलं का? सम्राट तिबेरियसच्या राज्यात परक्या पंथांवर करडी नजर होती आणि अमुक मांस न खाणं हा त्या पंथांत असल्याचा पुरावा मानला जाई. वडिलांनी समजावलं. आणि यापुढचं वाक्य मला फार प्रामाणिक वाटतं: जरा बरं जेवायला लाग, हे माझ्या गळी उतरवायला त्यांना कष्ट पडले नाहीत, असं तो स्वतःच कबूल करतो. संयम शिकवणाऱ्या स्टोइक पंथाचा एवढा मोठा माणूस, पण ताटापुढे तुझ्यामाझ्यासारखाच.

माझं म्हणणं एवढंच आहे. मांस सोडण्याची कारणं तत्त्वज्ञांनी दिली, पण ते सोडणं पिढ्यान्‌पिढ्या टिकलं ते स्वयंपाक्यांमुळे. जिथे डोकं लढवून रांधलं गेलं तिथेच ते मुरलं.

चीनचं बघ. लिआंग घराण्याचा सम्राट वू हा कट्टर बौद्ध. त्याने भिक्षूंना मांस आणि दारू बंद केली आणि ५१७ मध्ये पितरांच्या पूजेत कापल्या जाणाऱ्या जनावरांच्या जागी पिठाचा नैवेद्य ठेवायला लावला. दरबारात कुरकुर झाली असणारच. पण पीठ आणि पाणी यांतून पुढे तिथल्या स्वयंपाक्यांनी जे काढलं ते बघण्यासारखं आहे. मळलेला गोळा पाण्यात धुवायचा, पिठूळ भाग वाहून जाऊ द्यायचा आणि मागे राहणारा रबरासारखा चिवट गोळा शिजवायचा. अकराव्या शतकापर्यंत हे इतकं रोजचं झालं होतं की शेन कुओ हा विद्वान पोलाद कसं होतं हे समजावताना त्याचाच दाखला देतो: पिठात जसा चिवट भाग दडलेला असतो, तसं लोखंडात पोलाद. लोहारकाम कळावं म्हणून स्वयंपाकघरातलं उदाहरण!

जपानात ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली, तीही वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरती. हरीण आणि रानडुक्कर यादीत नव्हते, म्हणजे पळवाट ठेवलेली होतीच. पण मला भावतो तो दोगेन हा झेन या बौद्ध पंथाचा भिक्षू. तरुणपणी तो चीनमध्ये शिकायला गेला होता. तिथे मठाचा अडुसष्ट वर्षांचा आचारी भर उन्हात, डोक्यावर काही न घेता, अळंबी वाळत घालताना त्याला दिसला. पाठ वाकलेली, घामाघूम. हे काम हाताखालच्या माणसांना का सांगत नाही, असं दोगेनने विचारलं. म्हातारा म्हणाला, ते म्हणजे मी नव्हे. परतल्यावर दोगेनने १२३७ मध्ये मठाच्या आचाऱ्यासाठी एक छोटं पुस्तक लिहिलं. तांदूळ निवडताना नजर कशी हवी, पाणी कसं जपावं, हलक्या भाजीला हलकं का लेखू नये. पॉर्फिरीने जे सोडून दिलं नेमकं ते.

आणि ती वाळवलेली अळंबी उगाच नव्हती. जपानी मठांत मासळीऐवजी कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळलेली शिताके अळंबी भिजवून रस्सा करतात. कोम्बूत ग्लुटामेट हे चव आणणारं द्रव्य भरपूर असतं. किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये ते वेगळं काढलं आणि या चवीला उमामी म्हटलं. वाळलेल्या शिताकेत ग्वानिलेट हे तसंच दुसरं द्रव्य असतं. दोन्ही एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी पटींनी वाढते. मटणाच्या रश्शात तुला जे भरलेपण लागतं, ते हेच. भिक्षूंना यातलं रसायन ठाऊक नव्हतं, पण जिभेने त्यांनी ते शेकडो वर्षं आधी पकडलं होतं.

इथिओपियाची गोष्ट याच जातीची. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचे उपवास इतके की भाविकांचं जवळजवळ निम्मं वर्ष मांस, दूध, लोणी, अंडी यांशिवाय जातं. दर बुधवार-शुक्रवार तर आहेच, शिवाय ईस्टरआधीचा लांबलचक उपवास. अशी सक्ती अंगावर आली की स्वयंपाक शहाणा होतो. मसुराची रसभाजी करताना तिथल्या बायका बारीक चिरलेला ढीगभर कांदा आधी तेलाचा थेंबही न घालता मंद आचेवर परततात. पाणी आटून कांदा गडद आणि गोडसर झाला की मग तेल आणि बेरबेरे हा लाल मसाला. लोण्याची उणीव तो कांदा भरून काढतो. हे घरी करून बघ, फक्त घाई करू नकोस.

युरोपात मात्र बरीच शतकं मांस नाकारणं हा संशयाचा विषय होता. अकराव्या शतकाच्या मध्यात जर्मनीत गोस्लार इथे काही लोकांना पाखंडी म्हणून फासावर चढवलं, आणि त्यांच्याविरुद्धचा पुरावा काय, तर त्यांनी कोंबडी मारायला नकार दिला! साधारण त्याच काळात सिरियात अल-मआरी हा आंधळा कवी मांसच काय, दूध, अंडी आणि मधही खात नव्हता. एका फातिमी धर्मप्रचारकाने पत्रं पाठवून त्याच्याकडे खुलासा मागितला. कवीने तात्त्विक उत्तर दिलंच, वर असंही लिहिलं की माझी मिळकत तुटपुंजी, त्यातलं बरंचसं नोकराला जातं, मला कडधान्यांवरच भागवावं लागतं. कोण जाणे, टोमणाही असेल.

इंग्लंडात चित्र पालटलं ते सॅल्फर्डमधल्या बायबल ख्रिश्चन चर्चमुळे. विल्यम काउहर्ड या धर्मोपदेशकाने १८०९ मध्ये आपल्या अनुयायांना मांस सोडायला सांगितलं. त्यांतल्या मार्था ब्रदरटन या बाईंनी १८१२ पासून भाज्यांच्या पाककृती छापायला सुरुवात केली. बिनमांसाच्या स्वयंपाकाचं इंग्रजीतलं पहिलं पुस्तक ते हेच मानलं जातं. तिचा नवरा जोसेफ पुढे खासदार झाला, आणि १८४७ मध्ये रॅम्सगेटला व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन झाली त्या सभेचा अध्यक्षही तोच होता. इतिहासात नवऱ्याची सभा ठळक छापतात. मी बायकोचं पुस्तक वर ठेवीन.

गांधीजींचं तुला माहीतच असेल. लंडनला शिकायला गेले तेव्हा आईला दिलेला शब्द पाळायचा म्हणून पाव आणि उकडलेला पालक खाऊन अर्धपोटी राहत होते, अगदी तुझीच गत. रोज मैलोन्‌मैल चालून शेवटी फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी उपाहारगृह सापडलं. दारात हेन्री सॉल्टचं शाकाहारावरचं पुस्तक विकायला होतं, ते घेतलं आणि इंग्लंडला आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले. मन वळवणारं पुस्तक आणि पोट भरणारं ताट, एकाच दारात. अर्थात माझं हे सगळं पुराण त्यांना पटलं नसतं. चव जिभेत नसून मनात असते, मसाल्यांशिवायचा पालकही पुढे गोड लागला, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. असेल. ते गांधी होते.

आणि हो, एका झटक्यात सगळं जमलं नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. अशोकाने पहिल्या शिलालेखात काय कोरलंय? पूर्वी राजाच्या पाकशाळेत रोज लाखो प्राणी मारले जात, आता फक्त तीन: दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही रोज नाही. पुढे हेही मारले जाणार नाहीत. आपल्या घरातली शिल्लक उधारी दगडावर कोरणारा राजा मला तरी दुसरा माहीत नाही.

आता तुझ्या चुलीकडे येतो. उकडणं बंद कर. भाजी कोरडी करून कडकडीत तापलेल्या तव्यावर सुटी सुटी टाक आणि खालची बाजू तांबूस होईपर्यंत हलवू नकोस. गर्दी केलीस तर ती स्वतःच्याच पाण्यात वाफवत बसते. वाळलेली अळंबी रात्रभर थंड पाण्यात भिजव आणि ते पाणी रश्शाला वापर, फेकू नकोस. लाल राजमा मात्र भिजवलेलं पाणी टाकून, ताज्या पाण्यात खळखळून किमान दहा मिनिटं उकळलाच पाहिजे. त्यातलं लेक्टिन हे विषारी द्रव्य मंद आचेवर मरत नाही आणि पोट चांगलंच बिघडतं.

आणि सुट्टीच्या दिवशी सम्राट वूचा प्रयोग कर. मैद्याची घट्ट कणीक मळून अर्धा तास झाकून ठेव. मग मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात गोळा दाबत, चुरत राहा. पाणी दुधासारखं पांढरं होईल, ते बदल. मध्येच गोळा विरघळून चालला असं वाटेल, तुकडे सुटायला लागतील. घाबरू नकोस, चाळणीत गोळा करून पुन्हा दाब. पाणी जवळजवळ नितळ दिसायला लागलं की हातात करडट, ताणला तर परत आखडणारा लगदा उरतो. वाळवून पाहिलास तर त्याचा तीन-चतुर्थांश भाग प्रथिनच असतो. त्याचे तुकडे त्या अळंबीच्या रश्शात मंद शिजव, मग तेलात परत. दाताला काहीतरी लागत नाही ही तुझी तक्रार तिथे संपेल. गव्हाचं वावडं असणाऱ्याला मात्र हे चुकूनही वाढू नकोस.

दूध आणि अंडीही सोडायचा विचार करतोयस असं शेवटी लिहिलं आहेस. तर मग बी-१२ ची गोळी घे, टाळाटाळ नको. हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात, भाज्यांतून ते भरवशाने मिळत नाही. १९४८ मध्ये ते वेगळं काढता आलं, म्हणून आपल्याला आज हे निश्चित ठाऊक आहे.

मैद्याचा गोळा जमला का ते कळव. पाण्यात पार विरघळून गेला तर कोणतं पीठ घेतलं होतंस आणि किती वेळ झाकून ठेवलं होतंस ते लिही, म्हणजे कुठे बिनसलं ते सांगता येईल. घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझाच,
जुना मित्र